ओढा जिथे होता

परवा सकाळी पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटची खिडकी उघडली आणि जळकट वास आत आला. समोरचा ब्लॉक कुणीतरी खोडरबराने अर्धवट पुसल्यासारखा दिसत होता. त्याच्यामागचा समुद्र तर नव्हताच. माझ्या नवऱ्याने, विनयने, फोनवर हवेच्या प्रदूषणाचा, पीएसआयचा, आकडा बघितला आणि खिडकी लावून घेतली. मग कपाटाच्या वरच्या खणातून मास्कचा डबा काढला.

हेझ आला होता. समुद्रापलीकडे दलदलीची जंगलं जळतात, वारा फिरतो आणि तो धूर आमच्या बेटावर येऊन बसतो. काही वर्षं येतच नाही, मग एखाद्या सप्टेंबरात येतो आणि पंधरवडाभर मुक्काम करतो. इथल्या लोकांना त्यावरून खोकला आठवतो, शाळांचे बंद पडलेले मैदानाचे तास आठवतात. मला बेसिम आठवतात. आणि उत्तर अल्बानियातला एक डोंगरउतार आठवतो, जिथे मी आजतागायत पाऊल ठेवलेलं नाही.

मी नकाशे काढते. वीस वर्षं झाली, सकाळी पासिर रिसला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसते आणि बेटाच्या एका टोकाकडून जवळजवळ दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला, उतरते. ऑफिस अकराव्या मजल्यावर आहे. विमानातून आणि उपग्रहातून काढलेली छायाचित्रं आमच्याकडे येतात, सोबत जुनी मोजणीची कागदपत्रं येतात आणि आम्ही ती एकमेकांवर बसवून हद्दी आखतो. दहाएक वर्षांपूर्वी, असाच हेझ आला होता त्या वर्षी, युरोपातल्या एका कंपनीच्या मोठ्या कामाचा छोटा तुकडा आमच्याकडे आला: अल्बानियाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, कोसोवोच्या सीमेलगतच्या काही खेड्यांच्या जमिनी.

पडद्यावर तो मुलूख फार देखणा होता. खाली द्रिन नदी, धरणामुळे तिचं झालेलं लांबोडकं, फाटे फुटलेलं निळं तळं. वर करडे, उघडे कडे. मधल्या उतारांवर चेस्टनटची दाट झाडी, तिच्यात दगडी घरांचे ठिपके. आणि सगळीकडे, शेतात, वाटेवर, अगदी शाळेच्या आवारातसुद्धा, सिमेंटचे गोल बंकर. आधी मला त्या पाण्याच्या टाक्याच वाटल्या.

"टाक्या नाहीत, झोन्या वैशाली," बेसिम पहिल्याच कॉलवर हसून म्हणाले होते. "आमच्या जुन्या राज्यकर्त्याची भीती आहे ती. सिमेंटमध्ये ओतलेली."

झोन्या म्हणजे बाईसाहेब. बेसिम तेव्हा साठीच्या आसपास होते. गावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. कोसोवोत युद्ध पेटलं तेव्हा मदत करणाऱ्या परदेशी माणसांबरोबर दुभाष्या म्हणून फिरले आणि तिथेच इंग्रजी शिकले. आम्ही पडद्यावर आखलेली हद्द प्रत्यक्ष जमिनीवर जुळते की नाही, हे पायी फिरून बघायचं काम त्यांच्याकडे होतं. दर मंगळवारी दुपारी चार वाजता आमचा कॉल व्हायचा. त्यांच्याकडे तेव्हा सकाळचे दहा. मागे चुलीजवळ कुणीतरी भांडी घासत असायचं, कोंबड्या ओरडायच्या. इकडे माझ्यामागे काचेला धूर चिकटलेला.

कामाचं बोलणं पाच मिनिटांत संपायचं आणि मग मास्तर जागे व्हायचे. त्यांच्या आजोबांच्या लहानपणी तो सगळा भाग तुर्कांच्या साम्राज्यात होता. गावाचा बाजार म्हणजे डोंगरापलीकडचं शहर. पहाटे खेचरं घेऊन निघायचं, दुपारी पोचायचं, चेस्टनट आणि लोकर विकायची, मीठ आणि नांगराचे फाळ घेऊन परतायचं. मग साम्राज्य मोडलं. दूर लंडनमध्ये मोठ्या देशांचे वकील एका टेबलाभोवती बसले आणि त्यांनी डोंगरांवरून रेघ ओढली. गाव अलीकडे राहिलं, बाजार पलीकडे गेला.

"माझ्या आजीचं माहेर त्या शहरात होतं," बेसिम म्हणाले. "कम्युनिस्टांच्या काळात सीमा पुरती बंद झाली. तारा आल्या, पहारे आले. आजी म्हातारपणी शेळ्या घेऊन उंचावर जायची. तिथून त्या शहरातला धूर दिसायचा. ती म्हणायची, भावाच्या घरी भाकरी भाजताहेत."

"तिला परत जायला मिळालं?"

"नाही. मला मिळालं. पण तोवर ओळखणारं कुणी उरलं नव्हतं."

हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठे कढ नव्हता. वर्गात नद्यांची नावं सांगावीत तसं सांगायचे. युद्धाच्या वसंतात त्याच डोंगरावरून पलीकडची माणसं ट्रॅक्टरवरून, पायी, पोरं पाठीवर घेऊन खाली आली, तेव्हाची गोष्टही तशीच. कुणाची ओळख नाही, काही नाही. गावाने दारं उघडली. बेसिम यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांची थोरली बहीण लूले खालच्या गावात दिलेली होती. ती पिठाचं पोतं खेचरावर टाकून वर आली आणि दोन महिने भावाच्या घरी भाकरी भाजत राहिली. "त्या दोन महिन्यांत वरचं गाव आणि खालचं गाव यांची चूल एकच होती," ते म्हणाले.

वरचं गाव बेसिम यांचं, खालचं लूलेच्या सासरचं. दोन्ही गावांची खरी नावं मी इथे लिहीत नाही. दोहोंच्या मधे चेस्टनटचा उतार होता आणि उतारावरून एक ओढा. जुन्या कागदात दोन गावांची शीव एका ओळीत सांगितली होती: ओढ्याच्या धारेने खाली नदीपर्यंत. छायाचित्रात ओढा स्वच्छ दिसत होता. मी त्याच्या धारेवरून रेघ ओढली आणि पुढच्या पानाकडे वळले. दहा मिनिटांचं काम होतं.

पुढच्या मंगळवारी बेसिम म्हणाले, "झोन्या वैशाली, ओढा जिथे होता तिथे तो आता नाही."

मी पेन खाली ठेवलं. त्यांनी सांगितलं की सामुदायिक शेतीच्या काळात सरकारने डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापले. त्या वेळी ओढ्याचं पाणी वळवून वरच्या अंगाला नेलं. तेव्हा सगळीच जमीन सरकारची, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. ती राजवट गेल्यावर जमिनी वाटायची वेळ आली. कायद्यात काहीही लिहिलेलं असो, दोन्ही गावांनी आपापल्या आजोबांच्या खुणांप्रमाणेच वाटण्या केल्या. शीव जुन्या, कोरड्या ओढ्यावरच मानली. "तुमच्या रेघेने आमची निम्मी झाडं खालच्या गावात जातात," ते म्हणाले. "झाडांना आमच्याकडे नावं आहेत. माणसांसारखी."

"कागद आहे का काही?"

"माणसं आहेत. दोन्ही गावांत. त्यांना विचारा."

मी त्यांचं म्हणणं आमच्या प्रणालीत शेरा म्हणून नोंदवलं. आमच्याकडे प्रत्येक शेरा एकतर उघडा असतो नाहीतर बंद. सगळे बंद झाल्याशिवाय नकाशा पुढे जात नाही.

तो महिना मला वेगळा काढून बघता येत नाही, सगळं धुरात कालवलेलं आहे. आमची मुलगी ईरा ओ-लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीला, बसायची होती. घरात दिवसभर एअर प्युरिफायरची घरघर. विनयला दम्याचा जुना त्रास. तो सकाळी ऑफिसला निघाला की लिफ्टपर्यंत त्याचा खोकला ऐकू यायचा. मी ईराचे भूगोलाचे पेपर घ्यायचे. नदीचं पात्र का बदलतं, कारणे लिहा. ती उत्तर लिहायची आणि मी बरोबरची खूण करायचे.

आमचे बॉस मिस्टर टॅन म्हणजे भला माणूस. मी शेरा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून नीट वाचला. "पण कागदात ओढा लिहिलाय ना? ओढा दिसतोय ना?" ते म्हणाले. "नकाशा तिथल्या कचेरीत लावणार आहेत. ज्याला हरकत आहे तो घेईल. त्यासाठीच लावतात." मग म्हणाले, "अर्थात, तुला खात्री नसेल तर उघडा ठेव. तू बघ."

तू बघ. हे मी नंतर स्वतःपासून बरीच वर्षं लपवलं. मला कुणी भाग पाडलेलं नव्हतं. शुक्रवार होता, संध्याकाळी ईराला ट्यूशनहून आणायचं होतं, पीएसआय चढत होता आणि माझ्या यादीत एकच उघडा शेरा उरला होता. मी त्याच्यापुढे लिहिलं, 'कागदपत्रांप्रमाणे हद्द योग्य', आणि तो बंद केला. खाली माझं नाव आपोआप उमटलं.

माझे वडील पुणे जिल्ह्यात मोजणी खात्यात होते. शाळेच्या सुट्टीत एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. दोन भावांच्या बांधाचं भांडण होतं. बाबांनी मोजणीची साखळी काढलीच नाही. आधी दोघांच्या घरी चहा घेतला, मग गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला हात धरून शेतात आणलं आणि विचारलं, "मावशी, लहानपणी तुम्ही इथून कशा जात होतात?" ती चालत गेली. बाबा तिच्यामागून चालले. मला तेव्हा वाटलं होतं, हे कसलं मोजमाप! पुढे मी शिकले, इथे आले. या बेटावर रेघ आधी येते आणि जमीन मागून. तुआसला समुद्रात भराव घालून केवढा मुलूख उभा केला. नकाशात तो आधीच होता. त्या जमिनीवर कुणाच्या आजीचं माहेर नव्हतं. इतकी वर्षं तसल्या रेघा ओढून माझा हात हलका झाला होता, असं मी स्वतःला सांगते. ते खरंही आहे. पण त्या शुक्रवारी मला फक्त घरी जायचं होतं, हे जास्त खरं आहे.

ऑक्टोबरात चेस्टनट पिकून गळायला लागतात. त्या आठवड्यात बेसिम मंगळवारच्या कॉलला आले नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी फोन घेतला, पण चित्र बंद ठेवून.

नकाशा तालुक्याच्या कचेरीत भिंतीवर लागला होता. खालच्या गावच्या कुणीतरी त्याचा फोटो काढून छापून आणला आणि गळतीच्या पहिल्याच सकाळी तिथली माणसं टोपल्या, लांब काठ्या आणि तो कागद घेऊन उतारावर आली. आता हे आमचं, असं म्हणाली. वरच्या गावची माणसं आधीच झाडांखाली होती. बेसिम मधे उभे राहिले. त्यांचं कुणी ऐकलं नाही. चेस्टनट झोडायच्या काठ्या माणसांवर चालल्या. लूलेच्या मुलाच्या, म्हणजे बेसिम यांच्या सख्ख्या भाच्याच्या, डोक्यात काठी बसली. तो वाचला, पण एका कानाने ऐकू येईनासं झालं.

"मारणारा आमच्या गल्लीतला," बेसिम म्हणाले. "माझा विद्यार्थी."

"आणि तुम्ही? तुम्ही बरे आहात?"

"माझी गंमत बघा. खालचे म्हणतात, मामा तिथे उभा होता आणि भाच्याला मार खाऊ दिला. वरचे म्हणतात, परदेशी लोकांचं यंत्र घेऊन डोंगरभर हिंडला तो हाच, नकाशा यानेच विकला. मी सांगितलं की मी हरकत नोंदवली होती. ते म्हणाले, दाखव." मग विचारलं, "झोन्या वैशाली, ती हरकत कुठे आहे?"

ती माझ्यासमोर, पडद्यावर होती. बंद. खाली माझं नाव.

"मी बघते," मी म्हणाले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ते छायाचित्र पूर्ण मोठं करून बघितलं. चेस्टनटच्या फिकट हिरव्या गर्दीतून गडद झाडांची एक वाकडी ओळ खाली उतरत होती. नुसत्या पाण्याकाठी वाढणाऱ्या झाडांची. आसपास पाणी कुठेही नव्हतं. जुना ओढा त्या झाडांनी तसाच्या तसा रेखून ठेवलेला होता, आणि मी त्याच्यावरून दहा मिनिटांत पुढे गेले होते.

मिस्टर टॅनना मी सगळं सांगितलं. त्यांनी तो शेरा पुन्हा वाचला. मग म्हणाले, गावाला हरकत घेऊ दे, आपण लगेच दुरुस्त करू. पण कंपनीच्या नावाने कबुली वगैरे नको, घाई करू नकोस. वरचं गाव हरकत घेईना. कागदाने एकदा फसवल्यावर ती माणसं दुसऱ्या कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हती. मला दोन्ही गावांना एक पत्र लिहायचं होतं, एवढंच. या माणसाने वेळेवर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. दोन वाक्यं. ईराची परीक्षा चालू होती. मी म्हटलं, ती संपू दे. घरात आता आणखी काही नको.

विनयने एकदा विचारलं, "तू जेवत का नाहीयेस?" मी सांगितलं. तो बँकेतला माणूस, दस्तऐवजांना घाबरून असणारा. "सही करून दिलंस तर नोकरी जाऊ शकते," तो म्हणाला. मग ताट बाजूला सरकवून म्हणाला, "पण तुला ते पत्र लिहायचंच आहे ना? मग वाट कसली बघतेस?"

शेवटचा पेपर देऊन ईरा घरी आली तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर पत्राचा चौथा मसुदा लिहीत बसले होते. तिने खांद्यावरून वाचला. "आई, दिस वन ऑल सॉरी सॉरी ओन्ली," ती म्हणाली. "जस्ट से व्हॉट ही टोल्ड यू अँड व्हॉट यू डिड, लाह." तेच केलं. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. धूर कधीच गेला होता, रोज दुपारी पाऊस पडत होता.

पत्राचं भाषांतर व्हायला हवं होतं, त्यावर शिक्का हवा होता. दोन्ही गावांनी एकत्र बसून ते ऐकलं तेव्हा नवं वर्ष उजाडलेलं होतं.  एक म्हातारा उठला म्हणे आणि बेसिम यांच्याशेजारी जाऊन बसला.

पण डिसेंबरात लूले वारली होती. हृदयाचं दुखणं होतंच, त्यात बर्फ आणि मुलाची काळजी. बेसिम खाली गेले. शिवेवरच लूलेच्या दिराने अडवलं, मयताला येऊ नका म्हणून सांगितलं. तिला पुरताना ते उतारावर उभे होते. खाली हलणारी माणसं दिसत होती, पण प्रार्थना ऐकू येत नव्हती, असं त्यांनी मला सांगितलं. हे सांगताना मात्र त्यांचा मास्तरांचा आवाज लागला नाही.

ते पत्र ऑक्टोबरात गेलं असतं तर डिसेंबरच्या आत वाचलं गेलं असतं. हे गणित मी कितीही वेळा मांडलं तरी तसंच सुटतं. मिस्टर टॅननी मला त्या कामावरून काढलं, नोकरीवरून नाही. मला नोकरी जायला हवी होती असंही काही दिवस वाटत राहिलं. त्याने निदान माझंही काहीतरी गेलं असतं. वसंतात तिथले मोजणीदार दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांना घेऊन उतारावर चालले, पाण्याविना उभ्या झाडांच्या ओळीने खाली उतरले आणि रेघ बदलली. सुधारलेल्या नकाशावर माझं नाव नाही.

बेसिम आणि मी अजून बोलतो. वर्षातून चार-पाच वेळा. ईरा आता मेलबर्नला नोकरी करते. तिची ते नेहमी चौकशी करतात. परवा हेझ आला तशी मी फोन लावला. गुडघे दुखतात म्हणाले. शाळेत आता सातच मुलं उरलीत, बाकीची जर्मनीला गेली, झाडं कुणासाठी भांडून ठेवली कळत नाही, म्हणाले. आणि मग हळूच सांगितलं की लूलेची मुलगी आर्ता मागच्या महिन्यात वर आली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात उभी राहिली आणि म्हणाली, मामा, आईचा जन्म कुठल्या खोलीत झाला ते दाखव. त्यांनी दाखवली. ती तिथे जमिनीवर बसून राहिली. मग दोघांनी कॉफी घेतली. तिचा भाऊ आला नाही, पण त्याने तिला अडवलंही नाही.

मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारून बसले.

"बेसिम, तुमचा माझ्यावर राग आहे का अजून?"

पलीकडे त्यांनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.  

"आहे," ते म्हणाले. "जाईल असं वाटत नाही."

"हो," मी म्हणाले.

"पण फोन करत जा तुम्ही."